आमचा कोड दुसऱ्या प्रकल्पात सापडला तेव्हा

गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरमधले आकडे वाचून घेणारी सी भाषेतली एक छोटी लायब्ररी आम्ही काही जण फावल्या वेळात सांभाळतो. परवाना जीपीएल, आवृत्ती ३ : कोड कुणीही वापरावा, पण त्यावर बेतलेलं वाटायचं तर तेही याच परवान्याखाली, कोड उघडा ठेवून. एका वापरकर्त्याने विचारलं, तुमचाच कोड त्या अमक्या प्रकल्पात एमआयटी परवान्याखाली (म्हणजे बंद उत्पादनातही घालू देणाऱ्या मोकळ्या परवान्याखाली) कसा काय? तो प्रकल्प युरोपातला, आमच्याहून बराच मोठा. उघडून पाहिलं तर दोन फाइल्स ओळखीच्या निघाल्या आणि वरची आमच्या नावांची, परवान्याची ओळ गायब होती.

डोकं तापलं होतंच, पण आधी शहानिशा करायचं ठरवलं. दोन्हीकडच्या फाइल्स शेजारी ठेवून डिफ, म्हणजे ओळीओळींतला फरक काढला. त्यात नव्वद टक्के साम्य दिसलं तरी त्यातलं बरंचसं निरुपयोगी असतं. इन्व्हर्टर ज्या मॉडबस पद्धतीने बोलतो, तिच्यातला चुका पकडणारा सीआरसीचा तक्ता जगभर सारखाच, तो जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. इन्व्हर्टरच्या कोणत्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या खणात) व्होल्टेज आणि कोणत्यात तापमान, ही माहिती इन्व्हर्टर बनवणाऱ्याची. आम्ही ती शोधायला रात्री जागवल्या असल्या तरी निव्वळ तथ्यावर कॉपीराइट लागत नाही. कॉपीराइट असतो मांडणीवर, म्हणजे कोड ज्या तऱ्हेने लिहिलाय तिच्यावर. हे गाळून उरलं ते मात्र बोलकं होतं. पहाटे इन्व्हर्टर जागा होताना पहिलं उत्तर कचरा देतो, म्हणून आम्ही ३७० मिलिसेकंद थांबतो. हा आकडा माझ्याच गच्चीवर ठरलेला, कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. तो तिथे होता. फंक्शन्सचा क्रमही तोच. आमच्या एका सहकाऱ्याने एरर मेसेजमध्ये केलेली स्पेलिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी. मग गिट लॉगमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतून, दोन्हीकडच्या तारखा काढल्या. आमच्या तारखा आधीच्या होत्या, यात वाद नव्हता.

इथे अनेकांचा हात डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखालच्या नोटिशीकडे जातो. कोड जिथे ठेवलेला असतो त्या गिटहब संकेतस्थळाला ती पाठवता येते आणि कोड खालीही येतो. पण ती नोटीस गिटहब जाहीर प्रसिद्ध करतं. शिवाय तुम्ही हक्कधारकाच्या वतीने बोलायला अधिकृत आहात, हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम पत्करून लिहून द्यावं लागतं. समोरच्याने प्रतिनोटीस दिली, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला कोर्टात जावं लागतं, नाहीतर कोड परत वर येतो. आम्ही कोर्टात जाणार नव्हतो. मग नोटीस पाठवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

त्यापेक्षा मला २००७ सालचे दोन प्रसंग उपयोगी पडले. त्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या वायरलेस ड्रायव्हरचा जीपीएल कोड ओपनबीएसडी या दुसऱ्या, मोकळ्या परवान्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये सापडला. लिनक्सच्या मायकेल ब्यूश यांनी पहिलंच पत्र अनेकांना प्रत लावून जाहीर पाठवलं. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ द राट भडकले, आधी खासगीत का नाही विचारलं म्हणून. शेवटी तो ड्रायव्हरच काढून टाकला गेला. काही महिन्यांत पारडं फिरलं : रेयक फ्लोटर यांच्या ओपनबीएसडीतल्या कोडवरचा मोकळा परवाना काढून त्या जागी जीपीएल लावणारा बदल लिनक्सच्या बाजूने सुचवला गेला. त्या गदारोळानंतर मुक्त सॉफ्टवेअरला कायदेशीर मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने मोकळ्या परवान्याच्या फाइल्स जीपीएल प्रकल्पात कशा सांभाळायच्या, याची मार्गदर्शक सूत्रं काढली. ती आजही वाचण्यासारखी आहेत.

म्हणून मी खासगी ईमेल लिहिला. आरोपाची भाषा नाही, फक्त कमिटचे (नोंदवलेल्या बदलांचे) दुवे, ओळींचे क्रमांक आणि जीपीएलच्या आठव्या कलमाची आठवण. आवृत्ती ३ मध्ये ही सोय चांगली आहे : पहिल्यांदाच उल्लंघन झालं असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर हक्क कायमचे परत मिळतात. आवृत्ती २ मध्ये हक्क थेट संपतात, परतीची वाट लिहिलेलीच नाही.

उत्तर सभ्य आलं. फाइल्स एका जुन्या सहभागी माणसाने आणल्या होत्या, तो आता तिथे नव्हता. प्रमुखाने एवढंच विचारलं : या दोन फाइल्स तुम्ही एमआयटीखाली देऊ शकाल का?

खरं काम इथे सुरू झालं, कारण 'तुम्ही' म्हणजे कोण? आम्ही कुणाकडूनही हक्क लिहून घेतले नव्हते. ज्याने ज्या ओळी लिहिल्या त्या त्याच्याच. कोणती ओळ कुणाची हे दाखवणारं गिट ब्लेम चालवलं तर माझ्या ओळी निम्म्याहून थोड्या जास्त. त्यांचंही प्रकरण सरळ नव्हतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम वाङ्मयीन कृतीत मोडतो आणि कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्याचा पहिला हक्कदार नोकरी देणारी कंपनी, वेगळा करार नसेल तर. माझी नोकरी विम्याच्या सॉफ्टवेअरची, इन्व्हर्टरशी संबंध नाही. तरी नेमणुकीच्या करारातलं एक वाक्य इतकं ऐसपैस होतं की वकील मैत्रीण म्हणाली, "कंपनीकडून हक्क नसल्याचं पत्र मागून घे बाबा." मागितलं. ते पत्र सगळं मिटल्यावर आलं.

कोल्हापूरच्या एका मुलाने कॉलेजात असताना पंचवीसेक ओळी दिल्या होत्या. त्याचा कॉलेजचा ईमेल बंद. वर्गमित्रांच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून तो अखेर सापडला, बंगळुरूला. "अहो दादा, तो कोड अजून चालतोय?" एवढंच त्याला नवल. परवानगी तिथेच दिली, मी म्हटलं ईमेलवरही लिही.

फिनलंडच्या सहकाऱ्याने मात्र नकार दिला. मी जीपीएल पाहूनच कोड दिला होता, तो बंद उत्पादनात जावा अशी माझी इच्छा नाही, असं त्याने लिहिलं. आमच्यातल्या दोघांना हा आडमुठेपणा वाटला. मला नाही. परवाना निवडण्याचा अर्थच तो असतो, आणि मोठ्या प्रकल्पाची सोय म्हणून त्याची समजूत घालायला मी गेलो नाही.

त्यामुळे मोकळा परवाना देणं शक्य नव्हतं. त्यांच्यापुढे दोन वाटा उरल्या : सगळा प्रकल्प जीपीएलखाली वितरित करायचा किंवा दोन फाइल्स नव्याने लिहायच्या. त्यांनी दुसरी घेतली. आमचा कोड न वाचलेल्या माणसाकडे काम दिलं, त्याला फक्त रजिस्टरांचा तक्ता आणि इन्व्हर्टरच्या वागण्याचं वर्णन. ते वर्णन मीच लिहून दिलं, पहाटेच्या कचऱ्यासकट. जुन्या आवृत्त्यांचं काय, यावर थोडी ओढाताण झाली. इतिहास पुसायचा आमचा आग्रह नव्हता. एमआयटीचा कोड जीपीएल ३ सोबत चालतो, म्हणून त्या आवृत्त्या एकूण जीपीएल ३ खाली आहेत अशी टीप आणि आमची नावं त्यांनी जोडली. दुरुस्ती ३० दिवसांच्या आत झाली.

आमच्याकडेही आता प्रत्येक फाइलवर परवाना ठरलेल्या नमुन्यात सांगणारी एसपीडीएक्स ओळ असते आणि प्रत्येक कमिटवर साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी सही. सहीची ही पद्धत लिनक्सने २००४ मध्ये, लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्याच्या धगीत सुरू केली होती. आधी मला ती कारकुनी वाटायची.

त्यांच्या प्रकल्पाचे जुने फोर्क (इतरांनी काढून चालवलेल्या प्रती) मात्र अजून फिरताहेत, एमआयटीचं लेबल लावून. एखादा दिसला की तोच ईमेल, नाव बदलून, पाठवतो. काही उत्तर देतात.