सीरोसची आगबोट

माझे बाबा भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचवर सारंग होते, सलग ३१ वर्षं. दीड तासाच्या त्या वाटेवर वारा कुठून लागतो, मुंबई बंदर सुटल्यावर पाण्याचा रंग कुठे बदलतो, ओहोटीला रेवसच्या खाडीत गाळ कुठे वर येतो, हे मला शाळेतल्या कवितांपेक्षा चांगलं पाठ होतं. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये लेकीबरोबर ग्रीसला गेले तेव्हा एकच हट्ट धरला: अथेन्सहून सीरोस बेटावर जायचं ते बोटीनेच, आणि तेही सगळ्यात सावकाश जाणाऱ्या बोटीने. सीरोसला विमान जातं, वेगवान बोटीही जातात. पण त्या बोटींमध्ये खिडकीशी बांधल्यासारखं बसून राहावं लागतं, डेकवर मोकळं फिरता येत नाही. मोठ्या आगबोटीला साधारण चार तास लागतात आणि ते चारही तास उघड्यावर उभं राहता येतं.

पहिल्या दिवशी बोट सुटलीच नाही. आदल्या संध्याकाळी फोनवर निरोप आला की वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली आहे. बाहेर पाहिलं तर आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही. आपल्याकडे वादळ म्हणजे काळोख, पाऊस, खवळलेलं पाणी. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. तो अशा लख्ख उन्हातच वाहतो, आणि अथेन्सच्या किनाऱ्याला डोंगरांचा आडोसा असल्यामुळे बंदरात फारसा जाणवतही नाही. वारा मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात. त्या मनाईला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हॉटेलात सगळ्यांच्या तोंडी ‘बोफोर’ हा एकच शब्द होता. किती बोफोर, सात की आठ? ब्युफोर्ट हे वारा मोजायचं माप तिथे भाजीच्या भावासारखं रोजच्या बोलण्यात असतं.

मला अजिबात चुटपुट लागली नाही. आमच्याकडे धक्क्यावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बाबा घरी येऊन जाळ्याची दुरुस्ती करत बसायचे, आणि कोणी घाई केली तर नुसते समुद्राकडे बोट दाखवायचे. रात्री त्यांना फोन केला. मेल्तेमी कशामुळे वाहतो ते मी वाचलं होतं, तेही सांगितलं: बाल्कन देशांवर उन्हाळ्यात हवेचा दाब जास्त असतो, तुर्कस्तानावर कमी, आणि तो कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे पसरत आपल्या मान्सूनच्या कमी दाबाशी जोडलेला असतो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे वारा आपलाच हाय गो.”

दुसऱ्या दिवशी मनाई उठली. मोनास्तिराकीहून पहाटेची हिरव्या मार्गिकेची मेट्रो पकडली. ही रेल्वे १८६९ मध्ये अथेन्स आणि पिरेयस बंदराला जोडायला सुरू झाली, तेव्हा ती वाफेवर चालायची. विसेक मिनिटांत पिरेयस येतं, आणि स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर थेट बोटी उभ्या. सायक्लेडीस बेटांच्या, म्हणजे सीरोस ज्या समूहात आहे त्या बेटांच्या बोटींचे धक्के स्टेशनच्या अगदी तोंडाशीच आहेत. रस्त्यात एका टपरीवर तीळ लावलेलं कुलूरी नावाचं कडं घेतलं आणि खात खातच बोटीकडे निघालो.

बोटीचं मागचं तोंड उघडून त्याचा उतार धक्क्यावर टेकवलेला असतो. त्याच उतारावरून ट्रक, मोटारी, मोटारसायकली आणि माणसं एकदमच आत जातात. शिट्ट्या, हातवारे, डिझेलचा वास. आत सामान ठेवायच्या मांडण्यांवर बेटांची नावं लिहिलेली: सीरोस, तीनोस, मीकोनोस. लेक पुढे जाऊन सरकत्या जिन्यावर चढली. मी मात्र खालीच रेंगाळले, कारण खलाशी ट्रकांची चाकं साखळ्यांनी जमिनीला आवळत होते आणि प्रत्येक साखळी ओढून बघत होते. १९६६ च्या डिसेंबरात क्रीटहून पिरेयसला येणारी ‘इराक्लिओन’ ही बोट बुडाली. वादळात आतला एक मोठा ट्रक सुटला, दारावर आदळला, दार उघडलं आणि पाणी आत शिरलं. २०० हून अधिक माणसं गेली. साखळी ओढून बघणाऱ्या त्या पोराला हे ठाऊक असेल की नाही, मला माहीत नाही. त्याचा हात मात्र ठाऊक असल्यासारखा चालत होता.

रेवसच्या माणसाला अशा गोष्टी लवकर दिसतात. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घालून वाचतील तेवढे वाचवले. बाबा तेव्हा दोन वर्षांचे. पण आमच्या घरात ‘रामदास’ हे नाव आवाज खाली करूनच घेतात. बाबा लाँचवर माणसं मोजायचे, मोजून झाल्यावर पुन्हा मोजायचे, आणि एखादा शेवटी उडी मारून चढला तर बोलणी खायचा. मोठी झाल्यावर त्याचं कारण मला कळलं.

बोट साडेसातच्या सुमाराला सुटली. वरच्या डेकवर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बर्फ घातलेली कॉफी, मागे बोटीच्या फेसावर कुरव पक्षी. माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, मांडीवर औषधांची मोठी पिशवी. त्या अथेन्सला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन परत निघाल्या होत्या. पलीकडे रजेवर निघालेले दोन सैनिक झोपलेले. एक काळ्या झग्यातले पाद्री. सीरोसला विद्यापीठाचा एक विभाग आहे, तिथली दोन मुलं ड्रॉइंगचे गुंडाळे घेऊन बसलेली. पर्यटक होतेच, पुष्कळ होते, पण माझी नजर याच लोकांकडे जात होती. ह्या बोटीतून बेटावर पीठ जातं, सिमेंट जातं, पोस्ट जातं, आणि तिकडून आजारी माणूस येतो. आमच्या लाँचवर भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या आणि मुंबईला बाळंतपणाला निघालेल्या बायका असायच्या, तशीच ती गर्दी.

तासाभराने डावीकडे सूनियोचं भूशिर आलं. टोकावर पोसायडनच्या देवळाचे पांढरे खांब उभे आहेत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं हे देऊळ समुद्राच्या देवाचं, आणि त्याची जागा बोटीवरूनच समजते: अथेन्सला परतणाऱ्या खलाशाला घर जवळ आल्याची पहिली खूण. डोंगरावर मोटारीने जाऊन पाहण्यापेक्षा ते पाण्यावरून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. भूशिर मागे पडलं आणि आडोसा संपला. वारा अंगावर आला तो टोपी घेऊनच गेला. उरलेल्या लाटांवर बोट डुलायला लागली, खुर्च्या सरकायला लागल्या, पर्यटकांपैकी बरेच जण आत गेले. आजीबाईंनी पिशवी पायांत घट्ट धरली आणि लिंबाची एक गोळी माझ्या हातावर ठेवली. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नाही. त्यांनी क्षितिजाकडे बोट दाखवलं, तिकडेच बघ, म्हणजे मळमळणार नाही. बाबाही हेच सांगायचे.

डावीकडे केया बेट, उजवीकडे किथनोस. केया आणि मुख्य भूमीच्या मधल्या पाण्यात टायटॅनिकचं धाकटं भावंड ‘ब्रिटानिक’ १९१६ पासून तळाशी आहे. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ-जहाज होतं, सुरुंगावर आपटून बुडालं. पुढे डाव्या हाताला यारोस नावाचं उजाड, तपकिरी बेट लागलं, एकही झाड नाही. यादवी युद्धाच्या काळात आणि पुन्हा १९६७ ला लष्करी हुकूमशाही आल्यावर इथे राजकीय कैदी आणून टाकत. आजीबाईंनी त्या बेटाकडे पाहून छातीवर क्रूस काढला. मी विचारलं नाही.

आणि मग सीरोस. बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घातला की पूर्वेकडचा किनारा लागतो आणि एर्मूपोली एकदम समोर येतं. दोन टेकड्या, दोन्हींवर घरांची उतरंड, एकीच्या माथ्यावर कॅथलिकांचं चर्च, दुसरीच्या माथ्यावर ऑर्थोडॉक्सांचं. कॅथलिकांचं अनो सीरोस हे जुनं गाव. खालचं बंदराचं शहर नवं, आणि ते निर्वासितांनी बांधलेलं. १८२० च्या दशकात तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात खियोस आणि प्सारा बेटांवर कत्तली झाल्या. सीरोसच्या कॅथलिकांना फ्रान्सचं संरक्षण असल्यामुळे हे बेट लढाईतून बाहेर राहिलं होतं, म्हणून जीव वाचवून निघालेले लोक इथे उतरले. ते दर्यावर्दी आणि व्यापारी होते. त्यांनी व्यापाराच्या देवाचं, हर्मीसचं नाव गावाला दिलं आणि काही दशकांत हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बंदर झालं. बंदराच्या एका कडेला नेओरियोची गोदी आहे, १८६१ पासूनची. आम्ही आत शिरत होतो तेव्हा तिथे एक बोट पाण्याबाहेर काढून खरवडत होते. बोटीचं पोट खरवडल्याचा आवाज जगात कुठेही तोच असतो.

उलट्या दिशेनेही ह्याच वाटेने माणसं गेली. रेबेतिको या ग्रीक लोकांच्या शहरी गाण्यांचा बादशहा मार्कोस वामवाकारिस १९०५ मध्ये अनो सीरोसमध्ये जन्मला आणि पोरवयातच पिरेयसला जाऊन धक्क्यावर कोळसा वाहायला लागला. आमच्या वाडीतली किती पोरं अशीच मुंबईच्या गोदीत गेली.

उतरायच्या आधी सगळ्यांना खाली, गाड्यांच्या मजल्यावर बोलावतात. तिथे अंधार असतो, इंजिनाची थरथर तळपायांतून वर येते. बोट बंदरात शिरून जागच्या जागी वळते, पुढचा नांगर सोडते आणि पाठमोरी धक्क्याकडे सरकते. साखळीचा खडखडाट झाला आणि समोर वरच्या बाजूला उजेडाची एक चीर दिसली. ती रुंद होत गेली. आधी आभाळ, मग देवळाचा घुमट, मग दुकानांच्या पाट्या, मग माणसांचे पाय आणि शेवटी धक्का. उतार टेकायच्या आधीच दोर धक्क्यावर पडले होते. माणसं, ट्रक, आजीबाईंना घ्यायला आलेला नातू, सगळं दहा-पंधरा मिनिटांत. दार बंद होतं न होतं तोच बोट तीनोसकडे निघालीही.

गावात आम्ही चार दिवस राहिलो. संगमरवरी फरसबंदीचा मियाऊली चौक, गुलाबपाण्याच्या वासाची लुकूमी नावाची मिठाई, कप्तानांच्या घरांचा वापोरिया भाग. ‘वापोरी’ म्हणजे वाफेवरची बोट, आपली आगबोटच. एल ग्रेको या नामवंत चित्रकाराचं एक चित्र इथल्या चर्चमध्ये आहे, त्यावरची त्याची सही १९८३ मध्ये सापडली. लेक त्यासमोर तासभर उभी होती.

परतीच्या दिवशी दुपारी धक्क्यावर बसून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना देऊळ, चौक काही नको होतं. म्हणाले, “पानी दाखव.” मी फोन धक्क्याच्या भिंतीकडे वळवला. रेवसला ओहोटीत भिंतीवर कालवांचा आणि शेवाळाचा पुरुषभर पट्टा उघडा पडतो. इथे हिरवी रेघ होती ती वीतभर. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, म्हणून तर बोट कुठल्याही वेळी येऊन उतार टेकवू शकते. ते त्यांना सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य भरतीच्या तक्त्यावर गेलं: जेवण, झोप, लग्नाचे मुहूर्तसुद्धा. ते रेघेकडे बघत राहिले.

“मंग तिथली मानसा टायम कसा बघतान?”

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात भोंगा वाजला. दीपस्तंभाच्या बेटापलीकडून आमची बोट आत येऊन वळायला लागली होती.

“फोन खाली नको धरूस गो,” बाबा म्हणाले.