कावीळ लहानपणीच होऊन जाते, मग लस कशाला?

धाकटीला हिपॅटायटिस ए ची (लिव्हरला सूज आणून कावीळ करणाऱ्या व्हायरसची) लस द्यायचं ठरवलं तेव्हा आईने विचारलं, अगं तुम्ही सगळे मिळेल ते पाणी पिऊन मोठे झालात, तुम्हाला कुठे टोचली होती लस? प्रश्न बरोबरच होता, म्हणून उत्तर नीट लिहून काढते.

हा व्हायरस विष्ठेतून पाण्यात, अन्नात, हातांवर येतो आणि तिथून तोंडात. सहा वर्षांखालच्या साधारण 70 टक्के मुलांना लागण झाली तरी लक्षणंच दिसत नाहीत, आणि एकदा लागण झाली की जन्मभराचं संरक्षण. म्हणजे आमच्या पिढीत बहुतेकांना न कळता होऊनच गेलेला असणार! पण आता विकसनशील देशांतही पाणी, संडास सुधारतायत (सुधारायलाच हवेत), त्यामुळे मुलं लहानपणी वाचतात आणि तोच व्हायरस बाराव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी गाठतो, आणि त्या वयात मात्र बहुतेकांना खरीखुरी कावीळ होते, काही आठवडे अंथरुणात, आणि क्वचित कुणाचं लिव्हर निकामीही होतं. 1988 मध्ये शांघायमध्ये दूषित शिंपल्यांमुळे सुमारे 3 लाख लोक आजारी पडले, त्यात तरुणच जास्त होते.

मला सगळ्यात जास्त धीर अर्जेंटिनाने दिला. तिथे लहान मुलांचं लिव्हर अचानक निकामी होण्याचं मोठं कारण हाच आजार होता, मुलांना ट्रान्सप्लांट लागायचं. 2005 पासून त्यांनी वर्षाच्या बाळांना फक्त एक डोस द्यायला सुरुवात केली, आणि दोन-तीन वर्षांत अशा केसेस जवळपास थांबल्या, शिवाय लस न घेतलेल्या मोठ्यांमध्येही आजार कमी झाला कारण पसरवणारी लहान मुलंच सुरक्षित झाली. एक डोस! हे वाचून मी खरंच रडले.

आई पुढे म्हणाली, मग आधी रक्त तपासून बघ ना, कदाचित होऊनही गेला असेल. तर लहान मुलांमध्ये त्याची गरज नसते, कारण आधीच अँटीबॉडी (लागण होऊन गेल्यावर रक्तात राहणारी संरक्षक प्रथिनं) असतील तरी लस दिल्याने अपाय होत नाही, आणि एवढ्याशा जीवाला उगाच सुई का टोचायची. आयजीजी टेस्टचा, म्हणजे रक्तात या अँटीबॉडी आहेत का हे बघणाऱ्या तपासणीचा, खरा उपयोग मला वाटतं देशपातळीवर आहे, वेगवेगळ्या वयाच्या मुलांचे नमुने तपासायचे, दहा वर्षांच्या आत 90 टक्के मुलांना अँटीबॉडी असतील तर सरसकट लसीची घाई नाही, पण हा आकडा खाली यायला लागला की सरकारने लस कार्यक्रमात घेण्याचा विचार करायलाच हवा. पाणी स्वच्छ करायचं आणि मुलांना लसही नाही, ही मधली अवस्था मला सगळ्यात जास्त घाबरवते.

आणि कावीळ दिसल्यावर मुलाला वेगळं ठेवू म्हणाल तर उशीर झालेला असतो, डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांतच व्हायरस सगळ्यात जास्त बाहेर पडत असतो.

धाकटीचा पहिला डोस झालाय. आपल्या डॉक्टरांनी दुसरा सहा महिन्यांनी सांगितलाय, ती तारीख आईनेच लिहून घेतली.