पितळी बुश

भोसरीत आमचं ॲनोडायझिंगचं, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने थर चढवून देण्याचं, छोटं जॉबवर्क आहे. नऊ टाक्या, करंट देणारा एक रेक्टिफायर, टाकी थंड ठेवणारा एक चिलर आणि चार माणसं. माल बहुतेक न्यूमॅटिक सिलिंडरच्या नळ्यांचा. सगळं नॅचरल, म्हणजे बिनरंगाचं, कधीमधी काळं. एक टाकी निळ्या डायची, म्हणजे रंगाची आहे. एका पार्टीने मोठी ऑर्डर देतो म्हणून ती भरायला लावली आणि मग फोन उचलायचाच बंद केला. ती टाकी निदान एकदा तरी वापरली जाईल, या मोहापायीच त्या बुधवारी मी त्या पोराला हो म्हणून बसलो.

पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं. घरी वडिलांची आरएक्स १००. ही गाडी १९९६ साली बंद झाली, पण पोरांच्या डोक्यातून काही जात नाही. पिशवीतून त्याने हँडलचे क्लॅम्प, फूटरेस्ट, दोन्ही लिव्हर काढले आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं क्लच कव्हर.

"काका, सगळं एकाच निळ्यात पाहिजे. रविवारी राइड आहे."

गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, म्हणजे जे काय करायचं ते आजच. मी माल टेबलावर मांडला. क्लॅम्प आणि फूटरेस्ट त्याच्या मित्राने सीएनसी मशीनवर ६०६१ नावाच्या ॲल्युमिनियमच्या बारमधून काढलेले. ते रंग घेणार, यात शंका नव्हती. लिव्हर ऑनलाइन मागवलेले, तेही मशीन केलेलेच दिसत होते. कव्हर मात्र ओतीव.

"हे होणार नाही," मी म्हटलं.

"का? ॲल्युमिनियमच आहे ना?"

आता याला काय सांगावं! डाय म्हणजे ऑइलपेंट नव्हे. गंधकाम्लात वस्तूला प्लस जोडून करंट दिला की ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढतो. तो थर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उभ्या छिद्रांनी भरलेला असतो. रंग त्या छिद्रांत उतरतो आणि मग उकळत्या सीलिंगमध्ये छिद्रांची तोंडं मिटतात. ओतकामात मात्र धातू साच्यात नीट पसरावा म्हणून दहा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन घातलेलं असतं. त्या सिलिकॉनचा ना थर होतो, ना ते विरघळतं. ते जागच्या जागी बसून राहतं आणि वस्तू राखाडी दिसते. एवढं सगळं ऐकून पोरगं म्हणालं, "तरी एकदा टाकून बघू ना, काका." मोबाइलवर बॅटरीचं ॲसिड आणि चार्जर घेऊन घरीच हे उद्योग करणाऱ्यांचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. म्हटलं, बघू.

स्टीलचं काही राहिलंय का, हे पाहायला मी प्रत्येक भागावरून लोहचुंबक फिरवला. एका फूटरेस्टमध्ये पिन सापडली, ती ठोकून काढली. बाकी कुठे चिकटला नाही. मी खूश. आमच्या चार माणसांतल्या अण्णांनी माल टायटॅनियमच्या जिगवर, म्हणजे टाकीत सोडायच्या सांगाड्यावर, घट्ट अडकवला. संपर्क ढिला राहिला की थर वाढत नाही आणि तो भाग रंगात कोराच राहतो, त्यामुळे या कामात मी अण्णांशिवाय कुणाचा हात लागू देत नाही.

आधी ६० अंशांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी. त्यातून माल वर आला की काळा दिसतो. मिश्रधातूतलं जे विरघळत नाही, त्याची काजळी अंगावर राहते. ती काढायला नायट्रिकची टाकी, निम्मं ॲसिड, निम्मं पाणी. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. जिग आत जातो, काजळी जाते, माल पांढरा होऊन वर येतो. त्या टाकीकडे कुणी वळून बघतही नाही.

मी रेक्टिफायरपाशी होतो. मागून अण्णांचा आवाज आला, "शेठ, हे काय?"

टाकीतून तांबूस तपकिरी धूर येत होता. विटेच्या रंगाचा, जड, टाकीच्या काठावरून खाली ओघळणारा. मी ओरडलो, "सोडा ते, बाहेर व्हा!" अण्णांनी काही सोडलं नाही. हुकाने जिग उचलला, शेजारच्या पाण्याच्या टाकीत घातला आणि मगच खोकत दाराकडे आले. मी एक्झॉस्ट पूर्ण सोडला, शटर वर केलं, पोराला ओढत रस्त्यावर आणलं.

ब्रेक लिव्हरच्या भोकात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवलेला होता. वरून काळं ग्रीस भरलेलं, आणि कॉस्टिकनंतर सगळंच काळं, त्यात तो दिसणार कुठून? पितळेला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. नायट्रिकला मात्र पितळ म्हणजे मेजवानी. क्लच लिव्हरमध्येही तसाच बुश होता, पण घट्ट बसवलेला, तोंड जेमतेम उघडं. तो वाचला.

अण्णा म्हणाले, मला काही झालेलं नाही. नायट्रिकचा हा धूर फसवा असतो. लागलीच खोकला येतो, थांबतो, माणूस कामाला लागतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी व्हायला लागतं. मी त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. ऑक्सिजन ९७ होता. डॉक्टर म्हणाले, आज रात्री लक्ष ठेवा, धाप लागली तर थेट हॉस्पिटल. अण्णांना तिथूनच घरी सोडलं. जाताना म्हणाले, "जिग पाण्यात आहे, सुकू देऊ नका."

दुपारी उरलेला माल मीच लावला. क्लच लिव्हरचा बुश व्हाइसमध्ये दाबून काढला. कव्हर वेगळ्या जिगवर. २० अंश, १६ व्होल्ट, ४० मिनिटं, मग धुऊन निळ्या टाकीत. क्लॅम्प वर आले तेव्हा, खरं सांगतो, मीसुद्धा दोन मिनिटं बघत राहिलो. पावसाळ्यानंतरचं आभाळ असतं ना, त्याहून गडद, आणि आतून धातूची चमक. सिलिंडरच्या नळ्या करून करून हे विसरायलाच झालं होतं.

कव्हर उंदराच्या रंगाचं निघालं. मधूनच निळसर डाग, ओल्या भिंतीसारखे. पोराने ते हातात धरलं, फिरवलं, परत वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"बफ मारून होईल ना, काका, पहिल्यासारखं?"

"होईल. वडिलांना आजच दाखवू नकोस."

ब्रेक लिव्हरचं भोक अंडाकृती झालं होतं, आत हिरवट कड. ब्रेकचा भाग, त्यामुळे तो परत दिलाच नाही, नव्या लिव्हरचे पैसे माझ्याकडून दिले. पोरगं नको नको म्हणत होतं. तपासायचं काम माझं होतं.

रात्री नऊला अण्णांना फोन केला. म्हणाले, जेवलो, बरा आहे. अकराला परत केला. या वेळी वहिनींनी उचलला.

"झोपलेत हो. घोरतायत. ऐकायचंय का?"

म्हटलं, ऐकवा. त्यांनी फोन तिकडे धरला, आणि मी बराच वेळ कानाला लावून बसलो.