निरीक्षणाच्या तासाला नेमकं बघायचं काय?

आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून करायच्या शिकवण्याच्या सरावाला, निघालेले छात्राध्यापक हमखास विचारतात, "पहिले काही दिवस नुसतं निरीक्षण आहे. वर्गात मागे बसून करायचं काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी म्हणजे मागे बसूच नका. मागून मुलांच्या पाठी दिसतात. भिंतीकडेला, पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेजवळ बसा, म्हणजे चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतील. बाईंचा आवाज, हातवारे, फळ्यावरचं अक्षर हे कुणालाही दिसतं. त्यांनी काही केल्यावर मुलांनी काय केलं, हे टिपायचं असतं. वहीत तीन रकाने आखा : वेळ, शिक्षक, मुलं. 'वर्ग उत्साही होता' या नोंदीचा उपयोग शून्य. '११.१२, प्रश्न विचारला, चार हात वर, बाई थांबल्या, नऊ हात वर' ही खरी नोंद. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. अनुभवी शिक्षकाला ते सोसतात, नवख्याला नाही. तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

सगळ्यात बारकाईने बघायचं ते चुकीच्या उत्तरानंतर काय होतं ते. समजा, बंदराजवळची शाळा आहे, चौथीचा वर्ग, गणित वेळेचं. काल भरती १०.४० ला, आज ११.३० ला, किती उशिरा आली? एक मुलगा सांगतो, ९० मिनिटं. नवखा म्हणेल, "चूक, दुसरं कोण सांगेल?" आणि पुढे जाईल. अनुभवी बाई ९० फळ्यावर लिहितात, चेहरा तसाच ठेवतात आणि विचारतात, "कसं काढलंस?" मुलाने ११.३० मधून १०.४० सरळ वजा केलेले असतात. हातचा घेताना तासाची १०० मिनिटं धरली, ६० नाही. वजाबाकी त्याला येते. अडलंय ते तासाच्या मापात. मग प्रश्न येतो, "१०.४० नंतर अकरा वाजायला किती?" वीस. "पुढे साडेअकरापर्यंत?" तीस. एकूण पन्नास. तेवढ्यात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणाऱ्या घरातलं पोर सांगतं, "सुकतीपण रोज तितकीच उशिरा येता, बाई." बाई बोली दुरुस्त करायला थांबत नाहीत. "बरोबर, ओहोटीसुद्धा रोज साधारण तितकीच उशिरा येते," एवढं म्हणतात. प्रमाण वाक्य मुलाच्या कानावर पडतं आणि त्याचं बोलणंही तुटत नाही. असा एक प्रसंग अथपासून इतिपर्यंत टिपलात, तर दिवस सार्थकी लागला समजा.

आपल्याकडे वाडीवाडीवर दोनशिक्षकी शाळा आहेत, एका खोलीत दोन-दोन इयत्ता. तिथे क्रम बघा. आधी मोठ्यांना लेखी काम, तेही दोन टप्प्यांचं. दुसरा टप्पा फळ्यावर आधीच लिहिलेला. मगच बाई पहिलीच्या पोरांत बसतात. दुसरा टप्पा नसला की दहाव्या मिनिटाला "बाई, झालं" सुरू होतं आणि लहानांचं वाचन मोडतं.

जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला, की तोंडी शिकवणं संपलंच. घसा ताणणारा शिक्षक पाच मिनिटांत दमतो. जाणता शिक्षक पाठ टाचण (तासाचं आधी लिहिलेलं नियोजन) बाजूला ठेवून वाचन, लेखन किंवा जोडीतलं काम देतो आणि स्वतः वह्यांमधून फिरतो. तो कुणाच्या वहीपाशी जास्त थांबतो, ते लिहून ठेवा.

फसगत होते ती नकलेत. बाईंनी नुसता हात वर केला की वर्ग शांत होतो, म्हणून तुम्हीही हात वर करता आणि काहीच होत नाही. कारण ती सवय जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, रोज त्याच खुणेने आणि मुलं पुरती गप्प होईपर्यंत थांबून लावलेली असते. तुम्ही पोचता तोवर ते काम झालेलं असतं, दिसतच नाही. तेव्हा, "पहिल्या पंधरवड्यात काय काय केलंत?" हे मुद्दाम विचारा.

विचारायची वेळ म्हणजे खिचडी वाढून झाल्यावरची दहा मिनिटं किंवा शाळा सुटल्यावर. "पाठ कसा झाला?" असं विचारू नका, "छान झाला" यापलीकडे हाती काही लागणार नाही. वहीतली ओळ दाखवून विचारा, "११.२० ला त्या मुलीला दुसऱ्यांदा का विचारलंत?" उत्तर बहुधा असं येतं, की ती कालपर्यंत बोलत नव्हती, किंवा शेजारणीचं बघून लिहीत होती. ते कारण त्याच ओळीसमोर, वेगळ्या शाईने लिहा. आणि पहिला पाठ घ्याल तेव्हा अख्खा तास मागू नका; त्याच वर्गातला पंधरा मिनिटांचा तुकडा घ्या आणि बाईंना तुमचीच तीन रकान्यांची वही भरायला सांगा.