रात्री अडीच वाजता फोन कोण उचलतं?

मेलबर्नमध्ये वृद्धांच्या निवासी केंद्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला लागल्यापासून मुंबई-ठाण्याकडून एक प्रश्न सारखा येतो, "आईसाठी एखादी चांगली जागा सुचव ना." सोबत फोटो असतात. हिरवळ, छोटं देऊळ, कॅरमचा बोर्ड, हसऱ्या आजी. फोटोंवरून मी काहीच सांगू शकत नाही, कारण मला जे बघायचं असतं ते फोटोत कधीच नसतं. रात्री तिथे जागं कोण असतं?

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात आला. माझी मावशी गिरगावात तिसऱ्या मजल्यावर, पागडीच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. वय ७९. लग्न केलं नाही, महापालिकेच्या शाळेत शिकवलं, पेन्शन आहे, डोकं अजून तल्लख आहे, गुडघे मात्र गेलेत. इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देणार होता, पण या वयात भाड्याचं घर शोधायचं, ब्युरोतून बाई ठेवायची, ती आली नाही की हवालदिल व्हायचं, हे तिला नको होतं. तिनेच फोनवर सांगितलं, "मला आता स्वयंपाकघर नको. बरीशी जागा बघ. पण मला दाखवल्याशिवाय एक पैसा भरू नकोस."

नात्यात लगेच कुजबुज झाली की हिला वृद्धाश्रमात टाकणार. मावशीने त्या सगळ्यांना स्वतः फोन केले. मला काहीच बोलावं लागलं नाही.

इथे ऑस्ट्रेलियात आपल्या माणसासाठी केंद्र शोधणाऱ्याच्या हाती बरंच काही असतं. वृद्धांच्या केंद्रांमधल्या हेळसांडीबद्दल इतकी ओरड झाली की २०१८ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमावं लागलं. त्याचा अंतिम अहवाल मार्च २०२१ मध्ये आला आणि त्यानंतर नियम बदलले. जुलै २०२३ पासून, काही अपवाद सोडले तर, प्रत्येक केंद्रात चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका हजर असावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून दर माणसामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटांची प्रत्यक्ष सेवा द्यावी लागते आणि त्यातली ४४ मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची असावी लागतात. डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक केंद्राला एक ते पाच तारे मिळतात आणि ते सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. तपासनीस न कळवता येऊ शकतात. आमच्या केंद्रात ते दाराशी आले की काय धावपळ होते ती मी पाहिली आहे, आणि त्या धावपळीचा फायदा शेवटी आजी-आजोबांनाच होतो हेही पाहिलं आहे.

आपल्याकडे काय आहे? आई-वडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे. निवृत्तांच्या निवासी प्रकल्पांसाठी केंद्र सरकारची २०१९ ची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना नियम घालून दिले. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत, व्हीलचेअर फिरेल अशी रचना असावी, लिफ्ट, कठडे, न घसरणारी फरशी असावी. हे नियम चांगलेच आहेत, मला त्यांचं मोल कळतं. अरुंद दारात अडकलेला वॉकर आणि त्यातून मोडलेलं खुब्याचं हाड हे माझ्या रोजच्या कामातलं दृश्य आहे. पण हे सगळे नियम इमारतीचे आहेत. रात्री साठ माणसांमागे एक आया आहे की चार, आणि त्यातली एकतरी शिकलेली परिचारिका आहे का, याचं उत्तर महारेराच्या नियमांत नाही. ते आपणच काढायचं.

मी ते फोनवरून काढलं. मेलबर्नमध्ये हिवाळ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे अडीच वाजलेले असतात. मावशीने यादीत ठेवलेल्या प्रत्येक ठिकाणी मी त्या वेळी फोन लावला. एका ठिकाणी वॉचमनने उचलला आणि "सकाळी करा" म्हणाला. एका ठिकाणी कुणीच उचलला नाही. एका ठिकाणी मात्र एका मुलीने दुसऱ्या रिंगला उचलला, आपलं नाव सांगितलं, आणि मी "उगीच चौकशी करतेय" म्हटल्यावर न चिडता म्हणाली, "ताई, एक आजोबा उठलेत, त्यांना बाथरूमला नेऊन येते, पाच मिनिटांनी करता का?" माझं अर्धं मन तिथेच ठरलं. परदेशात राहणाऱ्यांना घड्याळाच्या फरकाचा एवढा एक फायदा आहे, तो घ्या.

दुसरी गोष्ट अंतराची. मुंबईत जागेचे भाव असे की मोठी, बागबगीच्याची वसाहत शहरात होणं कठीण. म्हणून नेरळ, कर्जत, पनवेल, तळेगाव, पुणे. त्यात चांगल्या जागा आहेत. नेरळला माथेरानच्या पायथ्याशी डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे, पुण्यात परांजप्यांची अथश्री तर अनेक मराठी घरांना ओळखीची आहे. तिशी-चाळिशीतल्या आपल्या डोळ्यांना ती हिरवळ फार आवडते, विशेषतः आपण परदेशातून सुट्टीला आलेले असलो तर. पण दादरहून नेरळला लोकलने जायला दोन तासांच्या आसपास लागतात. गिरगावातल्या मावशीच्या मैत्रिणी ७५ च्या पुढच्या आहेत. त्या कर्जत लोकल पकडून किती वेळा जातील? पहिल्या महिन्यात एकदा, मग दिवाळीला.

शिवाय पावसाळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं होतं. नेरळ त्याच मार्गावर, वांगणीच्या पुढे. म्हणून शहराबाहेरची जागा बघताना मी एवढंच विचारते की जुलैत पाणी भरलेलं असताना छातीत दुखायला लागलं, तर कुठल्या रुग्णालयात, कुठल्या रस्त्याने नेता? ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं ते लगेच देतात. "डॉक्टर ऑन कॉल आहेत" हे उत्तर नव्हे.

पण अंतराचं खरं कारण वेगळं आहे. इथे तपासणीला सरकारचा माणूस येतो. तिथे तपासणी म्हणजे येणारी-जाणारी माणसं. जिच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी डोकावतं, तिची चादर वेळेवर बदलली जाते, तिची नखं कापलेली असतात, टाचांना जखम व्हायला लागली तर कुणाच्या तरी नजरेस पडते. आमच्या इथे तारे आणि तपासनीस असूनसुद्धा हाच अनुभव आहे, मग जिथे ते नाहीत तिथे तर आणखीच. मी मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर चेहरा बघू शकते, टाच बघू शकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठी बाग आणि दूरचं ठिकाण यापेक्षा लहान खोली आणि ओळखीची माणसं सहज पोचतील असं ठिकाण घ्यावं. ही माणसं न सांगता गेली पाहिजेत. "भेटायला येण्याआधी दोन दिवस कळवा" असा नियम जिथे असेल तिथून मी सरळ मागे फिरेन.

मावशीची स्वतःची यादी माझ्यापेक्षा साधी होती आणि तितकीच महत्त्वाची. आठवड्यातून दोनदा मासे. सकाळी मराठी पेपर. खोलीला आतून कडी. बरीच केंद्रं पूर्ण शाकाहारी असतात, तेवढ्यावरून निम्मी नावं गळली. कुणी म्हणालं, या वयात बांगड्याचा काय हट्ट! मला तो हट्ट अजिबात वाटला नाही. जेवण कमी झालं की वजन उतरतं, वजन उतरलं की ताकद जाते, ताकद गेली की माणूस पडतं. हा क्रम मी रोज बघते. आवडीचं जेवण हा औषधोपचाराचाच भाग आहे.

भाषेचंही तसंच. मेलबर्नमध्ये ग्रीक माणसांची वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यासाठी फ्रॉन्डिथा केअरसारख्या ग्रीक बोलणाऱ्या संस्था आहेत. डिमेन्शिया वाढला की पन्नास वर्षं इंग्रजी बोललेली बाई हळूहळू फक्त ग्रीकमध्ये पाणी मागायला लागते, आणि समोरच्याला ते कळलं नाही की तिला "आक्रमक" ठरवलं जातं. मुंबईच्या केंद्रांत काळजी घेणाऱ्या मुली झारखंड, ओडिशा, नेपाळ कुठून कुठून आलेल्या असतात, मनापासून काम करतात, हिंदी बोलतात. मावशीला आज हिंदी उत्तम येतं. तरी प्रत्येक पाळीला निदान एक मराठी समजणारी व्यक्ती आहे का, हे आम्ही विचारलं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. बहुतेक ठिकाणी लोकल गार्डियन मागतात, म्हणजे शहरात राहणारी, मध्यरात्री सही करायला येऊ शकणारी व्यक्ती. परदेशातला मुलगा किंवा भाची चालत नाही. मावशीच्या शाळेतल्या एका माजी सहकाऱ्यांच्या मुलाने ती जबाबदारी घेतली. दुसरं, मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. इथे व्हिक्टोरियात माणसाची समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारतात तसं नाही. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की करार कायद्याप्रमाणे ते संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. म्हणून बँकेचं संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे सगळं डोकं शाबूत असतानाच करायचं. शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत याचं लेखी इच्छापत्रही आता करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मावशीने ते स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं आणि मग टाइप करायला दिलं. गिरगावच्या खोल्यांचा हक्क अर्थात तिच्याच नावावर राहिला. "कुणाच्या तरी नावावर करून टाक" म्हणणाऱ्यांचं तिने ऐकलं नाही, हे फार बरं केलं.

शेवटी तिने मुलुंडचं एक लहान केंद्र निवडलं, तेच, दुसऱ्या रिंगला फोन उचलणारं. आधी काही आठवडे पाहुणी म्हणून राहून पाहिलं. इथे अशा तात्पुरत्या मुक्कामाला सरकार वर्षाला ६३ दिवस अनुदान देतं, तिथे सगळा खर्च आपला, पण तो खर्च सगळ्यात सत्कारणी लागला. त्या मुक्कामात तिला कळलं की रात्रीचं जेवण साडेसहाला येतं आणि तिला भूक आठला लागते. तिने सांगितलं, त्यांनी ताट झाकून ठेवायला सुरुवात केली.

करारावर मात्र आम्ही अडून बसलो. छापील करारात लिहिलं होतं की स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांनाच ठेवून घेतलं जाईल आणि तसं राहिलं नाही तर नातेवाइकांनी ३० दिवसांत घेऊन जावं. आज मावशी कपडे स्वतः धुते, उद्या धुणार नाही, आणि जागा तर त्या उद्यासाठीच शोधायची होती. सांभाळणाऱ्या मॅडमशी दोन-तीनदा बोलणं झालं. त्यांची अडचणही खरी होती, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोन माणसं लागतात आणि त्यांचा पगार कुठून येणार? म्हणून आम्ही आकडाच ठरवला. अटेंडंट लागली तर महिन्याला किती जास्त द्यायचे, दरवर्षी ती रक्कम किती टक्क्यांपर्यंत वाढेल, रुग्णालयात असताना खोलीचं भाडं किती लागेल, अनामत रक्कम कुणाला आणि किती दिवसांत परत मिळेल. हे मान्य असेल तर चालणं बंद झालं म्हणून तिला बाहेर काढता येणार नाही, अशी ओळ करारात हाताने लिहिली गेली, आणि तिच्या बाजूला मॅडमची, लोकल गार्डियनची आणि मावशीची सही झाली. अनामत त्यानंतर भरली.