बरं

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

बुधवारपासून एक शब्द घशात अडकलाय. आज जेवताना आईने विचारलं, "आमटी वाढू का अजून?" मी "बरं" म्हटलं आणि घास हातातच राहिला. आईला वाटलं मीठ जास्त झालंय. मी काही बोलले नाही, ताट घेऊन उठले.

बुधवारी सकाळी रेडिएशनचं मशीन बंद पडलं. चार पेशंट झाले होते, पाचव्याच्या वेळी स्क्रीनवर एरर आली. किरणांना आकार देणाऱ्या कॉलिमेटरच्या १२० पात्यांमधलं एक पातं हलेना. काही मिलिमीटर जाडीचं टंगस्टनचं पातं, त्यामागची एवढीशी मोटर गेली आणि दोन दिवसांचं काम ठप्प. इंजिनिअर दुपारी आला, म्हणाला सुटा भाग उद्या संध्याकाळपर्यंत येईल. यादीत ६८ नावं होती.

बाहेरच्यांना वाटतं, दोन दिवस इकडे तिकडे झाले तर काय मोठंसं. माझ्या सख्ख्या भावालाही तसंच वाटतं. पण तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला लाईट, म्हणजे रेडिएशन, एकदा सुरू केले की खंड पडू द्यायचा नसतो. तेवढ्या अवधीत उरलेल्या पेशी दुप्पट जोराने वाढायला लागतात, आणि ट्रीटमेंट लांबली की दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने कमी होत जाते. गर्भाशयाच्या तोंडाच्या, म्हणजे सर्व्हिक्सच्या कॅन्सरचंही तसंच, आतून द्यायचं रेडिएशन धरून सगळं आठ आठवड्यांत संपवायचं असतं. म्हणून यादी फोडावी लागते. हे दोन गट आधी, त्यांना दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. ब्रेस्टच्या बायका, प्रोस्टेटचे आजोबा एखाद-दोन दिवस थांबू शकतात. बुडालेला डोस शनिवारी भरून काढायचा, नाहीतर एकाच दिवशी दोनदा द्यायचा, मध्ये निदान सहा तास सोडून. फिजिक्सच्या, म्हणजे डोसचं गणित बघणाऱ्या पोरींनी बुधवारी प्लॅन तपासता तपासता डबा उघडलाच नाही. दुसरं मशीन रात्री उशिरापर्यंत चालवायचं ठरलं, आणि मी टेक्नॉलॉजिस्टपैकी कोणाकोणाला थांबता येईल ते विचारत फिरले. कोणी नाही म्हणालं नाही. एकीचं बाळ दीड वर्षाचं आहे, तीही नाही म्हणाली नाही. तिला मीच घरी पाठवलं.

मग फोन करायला बसले. हे काम माझं नव्हे, पण ते ज्यांचं आहे त्या सिस्टर सध्या केमोच्या डे-केअरला आहेत. डे-केअरमधल्या दोघी एकाच महिन्यात गेल्या, एक आयर्लंडला आणि एक लग्न होऊन नाशिकला. केमोची सलाईन लावायला माणूस नाही म्हटल्यावर मीच रोस्टर बदललं होतं. ते बरोबरच होतं. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, तिथे नवशिकी मुलगी एकटी ठेवता येत नाही.

रोज ८:४० ला लाईट घ्यायला येणाऱ्या काकांचा नंबर बाविसावा की तेविसावा लागला. फोन मुलीने उचलला. मी ठरलेलं वाक्य बोलले, मशीन दुरुस्तीला आहे, काकांना उद्या साडेसातला दुसऱ्या मशीनवर घेऊ. ती म्हणाली, "मॅडम, बाबा गेले. शुक्रवारी पहाटे."

आणि मी म्हटलं, "बरं."

नुसतं तेवढंच नाही. मी पुढे म्हटलं, "बरं, मग मी इथे तशी नोंद करते." तिने "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या हातात पेन होतं. साडेसातच्या पुढचं त्यांचं नाव मी खोडलं आणि तिथे दुसरं लिहिलं, सर्व्हिक्सची एक बाई होती, तिला जागा मिळत नव्हती. तिला मिळाली. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात जड होतोय पण तसंच झालं, एक खाच भरली म्हणून क्षणभर हायसं वाटलं. पुढचा नंबर लावला. त्याच्या पुढचा लावला. तीन-चार फोन झाल्यावर तो शब्द माझा मलाच ऐकू आला.

बरं. आपल्याकडे तोच एक शब्द सगळ्याला. बरं वाटतंय का, बरं नाहीये, बरा होशील, बरं झालं. अठ्ठावीस वर्षं मी या शब्दाच्या दारात उभी आहे. ओपीडीत कोणीही येऊन हेच विचारतं, "बरे होतील ना ओ?" आणि त्या मुलीने बाप गेल्याचं सांगितल्यावर मी तोच शब्द तिच्या हातावर ठेवला.

काका बदलापूरहून यायचे, दिव्यांगांच्या डब्यातून. त्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना चढता येतं, पण नळी नाकात असूनही सुरुवातीला त्यांना लोक उठवायचे, म्हणून मी त्यांना कार्ड गळ्यात अडकवायला सांगितलं होतं. बाकड्यावर बसले की त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरत राहायचा. हातात काही नसायचं. तंबाखू सुटली होती, मळणं सुटलं नव्हतं. तीस वर्षांची सवय. मग आत बोलावलं की ते तळहात झटकून उठायचे, चिमूट खाली पडू नये अशा बेताने.

३५ पैकी २२ लाईट झाले होते. दर सोमवारी केमो. शुक्रवार, सोमवार, मंगळवार ते आले नाहीत. गैरहजर पेशंटला त्याच दिवशी अकराच्या आत फोन जायला हवा, हा नियम आमच्याकडे मीच लिहिलेला आहे. त्याबद्दल आज लिहिता येत नाही.

बुधवारी रात्री शेवटचा पेशंट आत गेल्यावर मी मोल्ड रूममध्ये गेले. काय शोधायला गेले होते मला माहीत नाही. फळ्यांवर ओळीने मास्क ठेवलेले असतात, पांढऱ्या जाळीचे. प्लास्टिकचा पत्रा ऊन पाण्यात टाकला, ७० अंशांच्या आसपास, की नरम पडतो, तो चेहऱ्यावर ओढून धरायचा, काही मिनिटांत थंड होऊन घट्ट होतो. रोज तोच चढवून खाली टेबलाला लॉक करतात, माणूस तसूभर हलू नये म्हणून. काकांचा दुसऱ्या फळीवर होता. कपाळावर चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने नाव आणि फाइल नंबर. नाक थोडं डावीकडे वाकलेलं. हे मला कधी दिसलंच नव्हतं, महिनाभर रोज समोर बसायचे तरी. नळीसाठी नाकपुडीपाशी जाळी कापलेली आणि कडा टोचू नये म्हणून तिथे कोणीतरी कापसाची पट्टी लावलेली. कोणी लावली ते मी विचारलं नाही. आमच्याकडे असं कोणीतरी करत असतं आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

गाल हातात घ्यावा तसा तो मास्क मी धरला होता. मामा लादी पुसायला आले तेव्हा ठेवून दिला.

काल दिवसभर मला माझीच कीव येत होती. खरंच येत होती. सकाळी सातला घर सोडायचं, आणि मग दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं. सिस्टरना नाईट नको असते, डॉक्टरांना ओपीडीत जास्तीचं माणूस हवं असतं, योजनेच्या काउंटरवर मंजुरी अडकलेली असते, नातेवाईक ओरडतात, मेट्रन मॅडम बिचाऱ्या स्वतः आजारी असून येतात आणि त्यांनाही मीच धीर द्यायचा. मला कोण विचारतं? पूर्वी मी पेशंटचा हात धरायचे. टाटात शिकत होते तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टरनी एक गोष्ट अंगी मुरवली होती, वाईट बातमी ऐकताना खुर्ची ओढून बसायचं, उभ्याने ऐकायचं नाही. आता माझ्याकडे फिरती खुर्ची आहे, दिवसभर बसूनच असते, आणि ऐकणं मात्र उभ्याउभ्याने चालतं. मला बढती नको होती असंही नाही. हवी होती. दादांनी पेढे वाटले होते.

रडले काल, बाथरूममध्ये. शॉवर चालू ठेवून.

आज दुपारी मशीन सुरू झालं. इंजिनिअरने पातं चालवून दाखवलं, फिजिक्सने डोस मोजला, साडेतीनला पहिला पेशंट आत. सगळ्यांना चहा सांगितला. डे-केअरच्या सिस्टर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, काकांचं कळलं." मी "बरं" म्हणणार होते. नाही म्हटलं. नुसती मान हलवली, त्यांनीही.

मग तिथे चहाचा कप हातात असताना आजी आठवली, गुहागरची. ती गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागे. हुंकार थांबला की आजी गोष्ट थांबवायची, झोपलीस का म्हणायची. "राजा शिकारीला गेला." "बरं." "वाट चुकला." "बरं." राजा मेला तरी आम्ही बरं म्हणायचो. म्हणजे ऐकतेय, पुढे सांग. कदाचित त्या मुलीला मी तसंच बरं म्हटलं असेन. कदाचित नाही. पेन हातात होतं आणि मी पुढचं विचारलं नाही, हुंकार दिला असता तर पुढची गोष्ट ऐकली असती. तरी दोन दिवसांनी पहिल्यांदा छाती थोडी मोकळी झाली. दिवसात शंभर वेळा हा शब्द माझ्या तोंडून जातो, उद्याही जाईल. सुट्टी मागणाऱ्याला, भाग येतोय म्हणणाऱ्या इंजिनिअरला, प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या म्हणून सांगणाऱ्या लॅबला. तो गिळून टाकता येणार नाही. काम त्याच्यावरच चालतं.

सहा वाजता दार लावून घेतलं आणि काकांच्या मुलीला फोन केला. ओळख सांगितली. म्हटलं, "ताई, परवा मी घाईत होते. मला तुमच्याशी नीट बोलायचं होतं. काय झालं शेवटी?"

ती बोलली. बराच वेळ बोलली. गुरुवारी घरी गेल्यावर खोकला सुरू झाला होता, नळीतून दिलेलं पोटात राहीना, रात्री ताप. सकाळी लाईटला न्यायचंच आहे, तिथेच दाखवू, म्हणून ते हॉस्पिटलला जायला तयार नव्हते. पहाटे चारला श्वास लागला. रिक्षा मिळेपर्यंत. मी मध्ये काही बोलले नाही, फक्त पुढे, पुढे. आम्ही कोणी शुक्रवारी फोन केला नाही, याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीच बोलले. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "असू दे मॅडम."

मग तिने विचारलं, बाबांचा तो जाळीचा चेहरा अजून तिथेच आहे का. शेवटच्या महिन्यात त्यांचा फोटो काढला नव्हता, त्यांनी काढूच दिला नव्हता. "टाकू नका लगेच. मी मंगळवारी सुट्टी काढून येते."

ट्रीटमेंट संपली की मास्क मोडीत जातात, जागा नसते. मी मोल्ड रूममधून तो आणला आणि माझ्या कपाटात, वरच्या खणात ठेवला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळणार होते, पण मग टॉवेलमध्ये गुंडाळला.

उद्या शनिवार, पण भरपाईचे ४१ पेशंट आहेत. ८:४० ला नवीन नाव आहे. सोमवारच्या रोस्टरमध्ये गैरहजरांच्या फोनसमोर मी माझं नाव घातलंय, साडेदहा ते अकरा. मंगळवारी सकाळी दहाला बजेटची मीटिंग होती, ती दुपारी तीनला करून घेतली.