सगळ्यांचा नाश्ता आदल्या रात्रीच : कॅसरोल करण्याचा माझा अनुभव

घरात माणसं जास्त असली की मला जेवणापेक्षा सकाळच्या नाश्त्याचंच टेन्शन जास्त असतं. जेवण करायला निदान हाताशी वेळ तरी असतो, सकाळी सगळे मागेपुढे उठतात, कोणाला लवकर निघायचंय, मुलांना भूक लागलीय, आणि आपण गॅसपाशी उभं राहून एकेक ऑम्लेट काढत बसायचं, शेवटच्याची प्लेट येईपर्यंत पहिल्याचं खाऊनसुद्धा झालेलं. या वेळी दहा-बारा जण मुक्कामाला होते, म्हणून ठरवलंच की ब्रेकफास्ट कॅसरोल करायचा, म्हणजे ब्रेड, बटाटे, भाज्या आणि चीज ट्रेमध्ये भरायचं, वरून अंडी-दूध ओतायचं, रात्रभर फ्रीजमध्ये आणि सकाळी थेट ओव्हनमध्ये. मस्त झाला, पोटभरीचा झाला, आणि आता मला पक्कं वाटतं की यातलं खरं काम रात्रीच असतं आणि ते म्हणजे पाणी सांभाळणं.

प्रमाण आधी सांगते. ट्रे 9 बाय 13 इंच, काठ निदान 2 इंच उंच. 12 अंडी, 600 मिली दूध (फुल क्रीम घ्या, चव वेगळीच येते), 300 ग्रॅम ब्रेड, 400 ग्रॅम बटाटे, 250 ग्रॅम चीज, दोन मोठे कांदे, एक ढोबळी मिरची, पालकाची एक जुडी आणि मूठ-दोन मुठी मश्रूम. मीठ एक चमचा पुरतं कारण चीजमध्ये असतंच, मिरपूड भरपूर, आणि थोडी मोहरीची पूड, तिने अंड्या-चीजची चव छान उठून येते.

आता पाण्याचं. मश्रूममध्ये 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पालकातही तसंच, ते कच्चे घातले तर ते सगळं पाणी सकाळी ट्रेच्या तळाशी येणार आणि खालचा ब्रेड गिचका होणार. म्हणून मश्रूम मोठ्या आचेवर, गर्दी न करता, पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत परतले. पालक गरम पातेल्यात नुसता मऊ करून, गार झाल्यावर दोन्ही हातांनी घट्ट पिळला, केवढं पाणी निघतं ते बघाच! कांदा आणि मिरची कडा जरा तांबूस होईपर्यंत परतली. बटाटे सालासकट उकडून, सोलून, फोडी करून तव्यावर खरपूस केले. कच्चा किसलेला बटाटा रात्रभर ठेवला तर हवेने काळा पडतो आणि पाणीही सोडतो, त्यामुळे ती वाट मी धरलीच नाही. हे सगळं पसरून गार होऊ दिलं, कारण गरम भाजीवर कच्चं अंडं ओतून ट्रे फ्रीजमध्ये ठेवला तर तो आतून गार व्हायला फार वेळ लागतो आणि 4 ते 60 अंशांच्या मधेच जंतू भराभर वाढतात.

ब्रेडचं उलट आहे, तो कोरडाच हवा. आदल्या दिवशीचा ब्रेड मिळाला तर उत्तमच, माझा ताजा होता म्हणून तुकडे करून 150 अंशांवर ओव्हनमध्ये 10-15 मिनिटं सुकवले, रंग नाही येऊ द्यायचा, फक्त कडक व्हायला हवेत. ताज्या ब्रेडमध्ये आधीच ओलावा असतो, त्यामुळे तो अंडी-दूध नीट पिऊन घेत नाही आणि त्याचा लगदा होतो. फार मऊ सँडविच ब्रेडपेक्षा जरा घट्ट, कडक कवचाचा ब्रेड घ्या असं मी सांगेन.

चीज अख्खं आणून घरी किसलं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च वगैरे लावलेलं असतं, ते तितकं छान वितळत नाही. निम्मं आत, निम्मं शेवटी वरून घालायला वेगळं ठेवलं. घरात दोघं मांसाहारी होते, त्यांच्यासाठी सॉसेज पूर्ण शिजवून, तेल निथळून ट्रेच्या एकाच टोकाला घातले आणि त्या कडेला टूथपिक टोचून ठेवली, म्हणजे सकाळी कोणाला विचारत बसायला नको. पण तुमच्याकडे कोणी अंडं खाणारं, पण मांसाच्या बाबतीत कडक असेल तर सरळ दुसरा ट्रेच करा.

ट्रेला बटर लावलं, ब्रेड, बटाटे, भाज्या, चीज असे थर दिले, अंडी दूध मीठ मिरपूड एकत्र फेटून हळूहळू सगळीकडे ओतलं आणि पसरट चमच्याने दाबलं, 10 मिनिटांनी परत दाबलं म्हणजे वरचे तुकडेही भिजतात. मग झाकून फ्रीजमध्ये. 8 ते 12 तास छान, 24 च्या पुढे मात्र नको.

सकाळी ओव्हन 180 अंशांवर तापवला. माझा ट्रे धातूचा होता म्हणून फ्रीजमधून थेट आत गेला, काचेचा असेल तर तसं अजिबात करू नका, एकदम गारातून गरमात गेला की काच तडकू शकते, आधी 20-30 मिनिटं बाहेर ठेवा. फॉइलच्या आतल्या बाजूला बटर लावून झाकून 30 मिनिटं, मग फॉइल काढून अजून 20-30 मिनिटं, शेवटच्या पंधरा मिनिटांत उरलेलं चीज. ट्रे गार असतो त्यामुळे एवढा वेळ लागतोच, वरून छान रंग आला म्हणून घाईने काढू नका. मधोमध सुरी घातली तर ओलं अंडं लागायला नको, आणि थर्मामीटर असेल तर मध्यभागी निदान 71 अंश हवेत. पण उगाच जास्तही भाजायचं नाही, कारण अंडं फार तापलं की आवळतं आणि धरलेलं पाणी सोडून देतं, म्हणजे रात्रीची सगळी मेहनत फुकट. बाहेर काढल्यावर 10-15 मिनिटं तसाच राहू द्या, मग तुकडे सुबक निघतात. तेवढ्या वेळात मी फळं चिरली, कॉफी झाली, आणि मुख्य म्हणजे मीही सगळ्यांबरोबर बसून गरम गरम खाल्लं, हे मला फार आवडलं.

माणसं अजून जास्त असतील तर एकच खोल ट्रे गच्च भरण्यापेक्षा दोन ट्रे करा, खोल ट्रेच्या कडा सुकतात तरी मधला भाग कच्चा असतो. दोन्ही एकदम ओव्हनमध्ये ठेवले तर अर्ध्यात वरचा खाली, खालचा वर करायचा आणि 10-15 मिनिटं जास्त धरायची. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, तीन-चार दिवस चांगलं राहतं. परत गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर थोडं बटर टाकून, झाकण ठेवून मंद आचेवर आतपर्यंत वाफाळेल असं करा, खालची बाजू कुरकुरीत होते आणि मला तर ती पहिल्या दिवसापेक्षाही जास्त आवडते.